व्हायब्रेशन कुठे आहे, हे विचारू नका

जुनी मोटरसायकल गॅरेजच्या दारात स्टँडला लावून मालक म्हणतो, "गाडी जरा व्हायब्रेशन मारतेय." त्यावर तिथे हजर असलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "कुठे?" मेकॅनिक विचारतो, शेजारचा पंक्चरवाला विचारतो, स्वतःच्या स्कूटरची दोन तास वाट पाहत बसलेलं गिऱ्हाईक विचारतं आणि चहाचे रिकामे ग्लास न्यायला आलेला माणूसही जाता जाता विचारून जातो. मालक हँडलकडे बोट दाखवतो. मग हँडलचा कोनसेट बदलला जातो. आठवड्यानं मालक परत येतो आणि सांगतो की हँडलला होतं तेवढंच आहे, शिवाय आता फूटरेस्टलाही जाणवतंय. फूटरेस्टची रबरं बदलली जातात. त्यानंतर सीटचा नंबर लागतो. गाडीचा एकेक अवयव नवा होत जातो. थरथर मात्र जुनी, ओरिजिनल, कंपनी फिटिंग, तशीच राहते. मेकॅनिकचा उरक आणि मालकाचा खिसा यांना यात दोष देण्याची पद्धत आहे. मला मोठा दोष त्या पहिल्या प्रश्नाचा वाटतो. 'कुठे' असं विचारून इंजिनाची थरथर सापडत नाही. 'कधी' असं विचारलं तर बहुतेक वेळा सापडते. किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, रेस दिल्यावर की सोडल्यावर, आणि कोणत्या महिन्यापासून.

आधी 'कुठे'ची लायकी पाहू. मोटरसायकल चालवणारा माणूस गाडीला तीनच जागी टेकलेला असतो. हात हँडलवर, पाय फूटरेस्टवर आणि बाकीचा सगळा सीटवर. त्यामुळे जगातल्या कुठल्याही मोटरसायकलची थरथर या तीनपैकी एका जागी 'होते'. क्रँकच्या बेअरिंगवर कोणी हात ठेवून गाडी चालवत नाही, म्हणून क्रँकच्या बेअरिंगमध्ये व्हायब्रेशन आहे अशी तक्रार घेऊन कोणी येतही नाही. त्यातून तळहाताची कातडी या बाबतीत फार हळवी. सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा होणारी बारीक थरथर तिला सगळ्यांत चांगली कळते, त्यामुळे पहिला संशय कायम हँडलवर. दुसरी भानगड अनुनादाची. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचं घर आहे त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही. गिरणी सुरू झाली की फळीवरच्या वीस डब्यांपैकी एकच डबा वाजायला लागतो. घरातलं शहाणं माणूस त्या डब्याखाली कागदाची घडी सारतं. डबा गप्प होतो आणि शेजारचं ताट बोलू लागतं. डब्यात खोट नसते, ताटातही नसते. दोघांचा स्वतःचा असा एक ठेका असतो आणि तो गिरणीच्या ठेक्याशी जुळलेला असतो, एवढंच. मोटरसायकलवरचे आरसे, नंबरप्लेट, मडगार्डचे स्टे, टूलबॉक्सचं झाकण ही सगळी मंडळी त्याच फळीवरची. आरसा साठच्या वेगाला धूसर होतो आणि पासष्टला पुन्हा स्वच्छ दिसतो, तेव्हा मधल्या पाच किलोमीटरांत गाडी बरी झालेली नसते. आरशाच्या दांडीचा ठेका तेवढा मागे पडलेला असतो. मालक मात्र आरसा बदलून आणतो. नवी दांडी थोडी जाड निघाली तर आरसा साठला स्वच्छ राहतो आणि सत्तरला धूसर होतो, आणि त्याला दुरुस्ती म्हटलं जातं.

आता खुद्द इंजिनाचा विचार करू. उदाहरणाला बुलेट घेतो, कारण आपल्याकडे जुन्या मोटरसायकलींवरचं कुठलंही बोलणं शेवटी तिच्यापाशी येऊनच थांबतं, आणि तिचा मालक शेजारी बसलेला असला तर सुरूही तिथूनच होतं. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली, आणि बिडाच्या सिलिंडरचं ते इंजिन पुढं अर्धशतकभर कमीअधिक त्याच अंगानं चालत राहिलं. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, एकूण ३४६ सीसी, आणि हे सगळं एकाच सिलिंडरमध्ये. ही गाडी टॉप गिअरला ताशी साठनं जात असते तेव्हा इंजिनाचे सेकंदाला सुमारे ४५ फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली असा दोनदा पूर्ण थांबतो. म्हणजे सेकंदाला नव्वद वेळा तो थांबतो आणि नव्वद वेळा पुन्हा निघतो, आणि तरीही आपल्याला गाडी नुसती 'चालतेय' असं वाटतं. टोकाला पोचताना त्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीनशे पटींहून मोठा असतो. पिस्टन आणि त्याची पिन मिळून पाव किलो धरा. त्या पाव किलोला आवरायला सुमारे नव्वद किलोंचा जोर लागतो, आळीपाळीनं वर आणि खाली. त्यात आणखी एक खोडी अशी की कनेक्टिंग रॉड फिरताना तिरका होतो, त्यामुळे पिस्टन वरचा अर्धा रस्ता खालच्या अर्ध्यापेक्षा घाईनं कापतो. वरचा हिसका मोठा, खालचा लहान. आणि या फरकातून इंजिनाच्या दुप्पट वेगाची दुसरी बारीक थरथर तयार होते. इतकं सगळं शंभर टक्के ठणठणीत, आजच कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंजिनात चालू असतं. बिघाडाला अजून सुरुवातच झालेली नाही.

इंजिनिअरांना हे माहीत नव्हतं असं नाही. पिस्टनच्या विरुद्ध बाजूला, क्रँकच्या फ्लायव्हीलवर, वजन ठेवून त्याची भरपाई करण्याची युक्ती फार जुनी आहे. अडचण अशी की पिस्टन वरखाली जातो आणि वजन गोल फिरतं. वजन पिस्टनला पुरेपूर पुरेल इतकं ठेवलं तर वरखालीचा हिसका जातो आणि तेवढाच हिसका पुढं-मागं सुरू होतो. थरथर नाहीशी होत नाही, तिची बदली होते. म्हणून पिस्टनच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, किंवा थोडी जास्त, भरपाई करायची आणि उरलेला त्रास दोन्ही दिशांना वाटून द्यायचा, असा तोडगा एका सिलिंडरच्या इंजिनात निघतो. कुठल्या दिशेला किती द्यायचा हे फ्रेम काय सोसते त्यावर ठरतं. १९६७ साली नॉर्टन कंपनीनं कमांडो ही गाडी आणली, तेव्हा त्यांनी हा वाद सोडूनच दिला. त्यांच्या इंजिनात पिस्टन दोन होते, पण दोन्ही एकदमच वर आणि एकदमच खाली जाणारे, म्हणजे भांडण एकाच्या जागी दोघांचं. त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्म असा सगळा गोतावळा रबरावर टांगला आणि चालवणाऱ्यापुरती शांतता मिळवली. बुलेटच्या घराण्यात खरा उपाय यायला २०२० उजाडलं. मीटिऑर ३५० च्या नव्या इंजिनात क्रँकच्या उलट फिरणारा बॅलन्सर शाफ्ट बसवला गेला आणि त्यानं मुख्य हिसका बराचसा खोडून काढला. मधल्या काळात एन्फील्डनं टॉरस नावाची डिझेल बुलेटही विकली होती, ३२५ सीसी आणि साडेसहा अश्वशक्ती. डिझेलच्या भावात चालते या एका गुणावर तिनं घरं मिळवली. तिच्या थरथरीविषयी मालक फारसं बोलत नसत, कारण गाडी सुरू असताना बोललेलं ऐकू येत नसे आणि बंद असताना मायलेजची चर्चा चालू असे.

हा सगळा हिशेब सांगण्याचं कारण असं की जुन्या गाडीची थरथर ही एक बेरीज असते. काही थरथर जन्माची, काही सैल बोल्टांची, काही चाकांची, काही चेनची, काही मागच्या वर्षी केलेल्या इंजिनाच्या कामाची. मालकाला बेरीज जाणवते आणि तो तिचा एकच धनी शोधत असतो. बेरीज सोडवायची तर आकडा लागतो, आणि इथं 'कधी' हा प्रश्न कामाला येतो, कारण गाडीतली प्रत्येक फिरती वस्तू आपापल्या वेगानं फिरते. त्याच बुलेटचा तोच साठचा वेग घ्या. १९ इंची चाकाचा टायरसकट घेर दोन मीटरच्या जवळपास असतो, म्हणजे चाक सेकंदाला आठच फेरे मारतं. गिअरबॉक्सचा पुढचा स्प्रॉकेट सुमारे वीस. इंजिन पंचेचाळीस. रिम आउट असेल, टायर एका जागी फुगला असेल किंवा तारा सैल पडल्या असतील तर गाडी सेकंदाला आठ वेळा डुलते. माणसाला हे डोलणं जवळजवळ मोजता येतं. त्याला थरथर म्हणणंसुद्धा जरा अतिशयोक्तीच आहे. इंजिनाची थरथर मोजता येत नाही, तिच्यानं मुंग्या येतात. निव्वळ हे दोन शब्द, डुलणं आणि मुंग्या, मालकाच्या तोंडून काढून घेतले तरी निम्मी गाडी संशयातून सुटते. पण मालकाला कोणी ते विचारत नाही आणि मालक आपणहून 'व्हायब्रेशन' हा एकच शब्द वापरतो, कारण तो बोलताना आपल्याला यंत्रातलं कळतं असा भास होतो.

यापुढची तपासणी फुकट आहे, आणि म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. रिकाम्या सरळ रस्त्यावर ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला जावं, क्लच दाबावा आणि रेस सोडून द्यावी. गाडी त्याच वेगानं घरंगळत राहते, इंजिन मात्र खाली येऊन आयडलला बसतं. थरथर राहिली तर ती चाकांची, टायरची किंवा त्यांच्या बेअरिंगची. गेली तर इंजिनाची, किंवा इंजिनाच्या जोरावर चालणाऱ्या कुणाची तरी. मग तोच वेग ठेवून एक गिअर खाली घ्यावा. वेग तोच आणि इंजिनाचे फेरे जास्त, तेव्हा जे बदलतं ते इंजिनाचं आणि जे बदलत नाही ते रस्त्यावर फिरणाऱ्या भागांचं. उरलेला प्रश्न ओझ्याचा. खंबाटकी घाटाच्या चढावर रेस दिल्यावर गाडी हादरते आणि उतारावर रेस सोडली की गप्प होते, तर पॉइंटचा गॅप, टायमिंग आणि कार्बोरेटर यांना आधी बोलवावं. टायमिंग फार पुढं गेलं की मिश्रण वेळेआधी पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला मध्येच अडवतं. उतारावर जास्त आणि चढावर कमी असं असेल तर चेन पाहावी. मधल्या स्टँडवर गाडी घेऊन, इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हातानं सावकाश फिरवलं की चेन एका जागी सैल आणि एका जागी ताठ लागते की नाही हे डोळ्यांना दिसतं. या सगळ्याला एक संध्याकाळ आणि थोडं पेट्रोल लागतं. कोनसेटला किती लागतात ते बिलावर लिहिलेलं असतं.

आणि 'कधी'चा दुसरा अर्थ, म्हणजे 'कधीपासून', हा तर सगळ्यांत गुणकारी. वर्षानुवर्षं हळूहळू वाढत गेलेली थरथर झिजेची असते. एका विशिष्ट शनिवारपासून सुरू झालेली थरथर त्या शनिवारी गाडीला ज्यानं हात लावला त्याची असते. हे उघड आहे, तरी मान्य करणं जड जातं, कारण त्या शनिवारी आपण पैसे मोजलेले असतात आणि पैसे मोजल्यावर गाडी सुधारलीच पाहिजे असा आपला आग्रह असतो. जुन्या इंजिनाला कनेक्टिंग रॉडचं नवं किट टाकण्याचं काम याचं उत्तम उदाहरण. त्यासाठी क्रँक सुटा करावा लागतो. पुन्हा जोडताना दोन्ही फ्लायव्हील अशी बसावी लागतात की त्यांच्या दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत यावेत, आणि ही रेषा मिलिमीटरच्या शतांशांत मोजायची असते. लेथवर धरून डायल गेज लावलं तर काटा किती हलतो ते दिसतं. पट्टी ठेवून, एक डोळा मिटून, दोन हातोडे घातले तरीही क्रँक जोडला जातो, इंजिन सुरू होतं आणि मालक पेढेही वाटतो. फक्त त्या दिवसापासून गाडी पंचेचाळीस वेळा सेकंदाला तक्रार करू लागते. मालक सांगतो, "इंजिनचं काम तर नुकतंच झालंय, त्यामुळे इंजिनात काही नसणार." हे वाक्य ज्या मेकॅनिकनं खरं मानलं त्यानं पुढचे सहा महिने हँडल, सीट आणि आरसे यांत घालवले असं समजावं.

झिजेच्याही आधी, सर्वांत पहिला मान मात्र फाउंडेशन बोल्टांचा. जुन्या बुलेटची फ्रेम खालून पूर्ण नाही. पुढची नळी इंजिनासमोर येऊन संपते आणि मागच्या भागाशी तिचा दुवा खुद्द इंजिनच असतं. म्हणजे इंजिन फ्रेममध्ये बसलेलं आहे इतकंच म्हणणं अपुरं, फ्रेमही इंजिनाला धरून उभी आहे. अशा घरात एक बोल्ट सैल पडला की दोन्ही बाजू हलायला लागतात. सैल बोल्ट स्वतः हलून आपलं भोक लांबट करतो, लांबट भोकात तो आणखी हलतो, आणि ही प्रगती थांबवायला कोणी येत नाही. वर हेडपासून फ्रेमपर्यंत हेड स्टेडीची एक पट्टी असते. ती इंजिनाचं डोकं धरून ठेवते, आणि हेड खोलताना ती सोडली तर नंतर घाईत लावली जाते. योग्य रीत अशी की खालचे बोल्ट आधी आवळावेत आणि हेड स्टेडी सर्वांत शेवटी, इंजिन जिथं आपणहून बसलंय तिथंच. ओढून ताणून लावली तर इंजिन कायम आखडलेलं राहतं. पण बोल्ट आवळण्यात प्रतिष्ठा नाही. "बोल्ट सैल होता" हे वाक्य मित्रांना सांगण्यासारखं नसतं. "फुल इंजिन काढलं होतं" यात वजन आहे. मालकाला वजन हवं असतं आणि गॅरेजला त्याचं काही वाईट वाटत नाही.

इथं पहिली हरकत ऐकू येते, की असल्या चौकशीत वेळ घालवण्यापेक्षा एकदाच सगळं करून टाकावं : चेन किट, टायर, कोनसेट, बेअरिंग, बोअर, पिस्टन, फाउंडेशनची रबरं, सगळं. हरकत दिसते तेवढी वेडी नाही. चाळीस वर्षांच्या गाडीत यातलं बरंच काही बदलण्याच्या लायकीचं असतंच. पण सगळं एकदम बदलल्यावर थरथर गेली तर कशामुळे गेली ते कळत नाही, आणि न गेली तर संशयाला जागाच उरत नाही, कारण आता प्रत्येक भाग नवा आहे आणि नव्याला दोष देणं आपल्या संस्कारात बसत नाही. शिवाय दहा नवे भाग म्हणजे चुकीचे बसवण्याच्या दहा नव्या संधी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये जाऊन पाहावं, हा रस्ता कंटाळवाणा आहे हे कबूल. जुनी गाडी ठेवणाऱ्या माणसानं कंटाळ्याची तक्रार करावी, हे मात्र मला विसंगत वाटतं.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. गावोगावी असे उस्ताद असतात की जे स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून दोन मिनिटांत निदान सांगतात आणि ते खरं निघतं. त्यांना कुठे आणि कधी यांचे वर्ग घ्यायला कोणी जात नाही. खरं आहे. पण उस्ताद नेमकं काय करतो ते नीट पाहावं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावण्याआधी तो दुसऱ्या हातानं रेस हळूहळू वाढवतो, मध्येच सोडतो, पुन्हा वाढवतो, एका जागी धरून ठेवतो. आवाज कधी येतो आणि कधी जातो हे तो हातानं विचारत असतो; कान फक्त उत्तर ऐकतो. मग मालकाकडे न पाहता तो म्हणतो, "ह्याच्या आधी कोणी खोललं होतं?" हा 'कधीपासून' झाला. म्हणजे उस्तादाचं यश माझ्याच बाजूनं साक्ष देतं, आणि त्याची नक्कल करणारे फसतात ते एवढ्याचसाठी की त्यांनी फक्त स्क्रूड्रायव्हर पाहिलेला असतो. अर्थात, स्क्रूड्रायव्हरलाही मर्यादा आहेच. टॅपेटची टकटक, बिग एंडचा ठोका त्यातून छान ऐकू येतो. पण वाकड्या रेषेत बसलेला क्रँक वाजेलच असं नाही. बिचारा नुसता हलतो.

तिसऱ्या हरकतीला तर्कापेक्षा भावनेचा आधार आहे, त्यामुळे तिच्याशी जपून बोलावं लागतं. थरथर हाच बुलेटचा आत्मा आहे, ती काढली तर उरलं काय, असं म्हणणारी मंडळी कोल्हापूरपासून गोव्यापर्यंत सगळीकडे भेटतात आणि त्यांच्या छातीचा घेर पाहता वाद वाढवू नये. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. ते ज्याच्यावर प्रेम करतात तो ठोका सायलेन्सरमधून येतो, इंजिनात मिश्रण पेटतं त्याचा, आणि तो दोन फेऱ्यांना एकदा पडतो. थरथर येते पिस्टनच्या वजनातून आणि ती वेगाच्या वर्गानं वाढते; इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आयडलवर असतं तेव्हा पिस्टनचा हिसका ताशी साठच्या मानानं जेमतेम सातवा हिस्सा असतो. म्हणजे ठोका जेव्हा सगळ्यांत देखणा, सुटा सुटा, रुबाबदार ऐकू येतो, त्या वेळी पिस्टनची थरथर सर्वांत कमी असते, आणि हायवेवर थरथर भरात येते तोवर ठोक्यांचा एकच घरघराट झालेला असतो. आयडलला स्टँडवरची गाडी हलते खरी, पण ते हलणं पेटण्याच्या धक्क्याचं, ठोक्याच्याच कुळातलं. पिस्टनच्या थरथरीला आत्म्याचा मान देण्यात ठोक्यावर अन्याय होतो. शिवाय आत्म्याचे काही खर्च शरीराला भरावे लागतात. युरोपियन संघानं २००२ साली कामगारांच्या हाताला बसणाऱ्या कंपनांची मर्यादा कायद्यानं ठरवली. आठ तासांच्या दिवसाला पाच मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि अडीचच्या पुढं नोकरी देणाऱ्यानं काहीतरी उपाय करायचा. कारण वर्षानुवर्षं हात थरथरत राहिले की बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. २०२१ मध्ये अ‍ॅपलनं आपल्या गिऱ्हाइकांना कळवलं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींच्या हँडलला आयफोन लावू नये, कॅमेऱ्याची नाजूक यंत्रणा बिघडू शकते. फोनला आत्मा नसल्यामुळे त्यानं लगेच तक्रार केली. माणसाची बोटं गाडी थांबल्यावरही अर्धा तास चहाचा कप धरताना थरथरतात आणि माणूस त्याला मर्दानगी म्हणतो.

नवी गाडी घ्या, हा सल्ला चौथा. तो बरोबर आहे, आणि ज्यांना तो पटण्यासारखा आहे त्यांनी केव्हाच घेतलेली आहे.

मात्र सगळे बोल्ट आवळून, चाकं सरळ करून, चेन, टायमिंग आणि क्रँक यांची नीट चौकशी करून झाल्यावरही थोडी थरथर उरतेच. ती कुणाच्या चुकीची नाही. ती ७० बाय ९० ची आहे, आणि ती शोधत बसणाऱ्याला गॅरेजवाले मोठ्या आदरानं खुर्ची देतात. हँडलच्या टोकांना वजनं लावून किंवा जाड ग्रिप घालून तिला दुसऱ्या वेगाला ढकलता येतं, पण घालवता येत नाही. तिच्यापुरता 'कधी'चा उपयोग असा की प्रत्येक जुन्या गाडीला शांत वेगाचा एक पट्टा असतो, कुठं पन्नास ते पंचावन्न, कुठं जरा वर, आणि मालकानं तो हातांनी हुडकून पाठ करावा. त्या पट्ट्यात गाडी दिवसभर चालते. प्रश्न येतो समोर ट्रक असला की. ट्रकही नेमका पंचावन्ननंच चाललेला असतो आणि त्याला मागं टाकायचं तर साठ ओलांडावेच लागतात. अशा वेळी मागून काय येतंय ते आरशात आधीच, पंचावन्नला असताना, नीट पाहून घ्यावं. साठला त्यात काही दिसत नाही.